अडीच टक्के म्हणजे चाळिसावा हिस्सा : अपूर्णांक, दशांश, टक्केवारी घरीच शिकवा

सहावी-सातवीची मुलं अपूर्णांक सोडवतात, दशांशाची गणितं करतात, टक्केही काढतात. पण ही एकाच हिश्श्याची तीन नावं आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उर्दू शाळेतलं मूल कसर, आशारिया, फीसद म्हणतं; मराठी शाळेतलं अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी. हिशोब एकच.

सुरुवात बाजारापासून करू. देवपुरात आपण पाव किलो टमाटे मागतो, तेव्हा काट्यावर 0.250 दिसतं. पाव म्हणजे 1/4, म्हणजे 0.25, म्हणजे 25 टक्के. पाऊण म्हणजे 3/4, 0.75, 75 टक्के. मुलाला काटा वाचायला लावा, अर्धा धडा तिथंच होतो.

आता नियम. अपूर्णांकाचा दशांश करायचा तर वरच्या अंकाला खालच्या अंकाने भागा. दशांशाचे टक्के करायचे तर 100 ने गुणा, म्हणजे टिंब दोन घरं उजवीकडे न्या. टक्क्यांचा अपूर्णांक करायचा तर खाली 100 लिहा आणि संक्षेप द्या. चाचणीत 40 पैकी 34 गुण मिळाले, तर 34 ÷ 40 = 0.85, म्हणजे 85 टक्के.

जकातीत हेच येतं. अडीच टक्के म्हणजे 2.5/100. वर-खाली 10 ने गुणलं की 25/1000, आणि संक्षेप दिला की 1/40. दशांशात 0.025. जकात लागू असलेली रक्कम 84,000 रुपये असेल, तर 84,000 ÷ 40 = 2,100 रुपये. 84,000 × 0.025 केलं तरी 2,100 च. पण मुलाने 0.25 ने गुणलं तर 21,000 येतात, आणि 0.0025 ने गुणलं तर फक्त 210. टिंब एक घर सरकलं की गरिबाचा हक्क दसपटीने चुकतो. शेतकरी घरातल्या मुलांना आणखी सोपं आहे : एकराचे गुंठे 40, म्हणून एक गुंठा म्हणजे एकराचे अडीच टक्केच.

वारशात तर जास्त सांभाळावं लागतं. कर्ज आणि वसियत वजा जाता उरलेल्या मालमत्तेत, मयताला औलाद असेल तर बेवेचा हिस्सा 1/8 आहे. 1/8 म्हणजे 0.125, साडेबारा टक्के. 6,40,000 रुपयांत तिचे 80,000 होतात. कुणी "बारा टक्के धरू" म्हटलं तर 76,800 च हाती येतील, 3,200 रुपये गेले. औलाद असताना आईचा हिस्सा 1/6 आहे. त्याचा दशांश 0.1666... असा संपतच नाही. अशा ठिकाणी टक्के धरूच नयेत, सरळ 6 ने भागावं. हिस्से कुणाचे किती, हे आलिमांना विचारावं. भागाकार मात्र घरातल्या मुलालाही तपासता आला पाहिजे.

हा इल्म आपल्याला परका नाही. समरकंदच्या अल-काशींनी 1427 मध्ये पूर्ण केलेल्या 'मिफ्ताह अल-हिसाब' या ग्रंथात दशांश अपूर्णांकांची रीत व्यवस्थित मांडली आहे.

म्हणून पालकांनो, यंदा जकातीचा हिशोब करताना मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. एकदा 40 ने भागायला सांगा, एकदा 0.025 ने गुणायला, एकदा शेकड्याला अडीच रुपये धरून. तिन्ही उत्तरं जुळली की हिशोबही बरोबर आणि धडाही पक्का.