केसपेपरवर उतरलेला विंचू

कोकणात लाल विंचू चावला की पूर्वी आधी धावाधाव व्हायची ती विंचू उतरवणाऱ्याकडे. दवाखान्यात पोचेपर्यंत पोर घामाने निथळत असे, उलट्या सुरू, हातपाय गार. मग धाप लागे, तोंडाला गुलाबी फेस येई आणि बघता बघता खेळ संपे.

1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. रुग्णाच्या खाटेशी बसून ते टिपून ठेवू लागले: दंश किती वाजता, घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती. या टिपणांतून मरणाची वाट दिसू लागली. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची स्वस्त गोळी, प्राझोसिन, त्यांनी द्यायला सुरुवात केली. गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा 30 च्या आसपास होते, ते शेकडा 4 च्या आत आले.

नोंदींचे हे बळ मोठेच. पण ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना फसवूही शकते. मधल्या वर्षांत रस्ते झाले, गाड्या आल्या, रुग्ण लवकर पोचू लागले. श्रेय गोळीचे किती आणि एसटीचे किती? असा संभ्रम पुन्हा राहू नये म्हणून विंचवाच्या विषावरची प्रतिलस (अँटिव्हेनम) आली तेव्हा डॉ. बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये रीतसर चाचणी घेतली. 70 रुग्ण. कोणाला काय मिळेल हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते, यादृच्छिक पद्धतीने ठरले. 35 जणांना नुसते प्राझोसिन, 35 जणांना त्यासोबत प्रतिलस. प्राझोसिन कुणालाच नाकारले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. दहा तासांत पहिल्या गटातले 8 पूर्ण बरे झाले, दुसऱ्यातले 32. हा निष्कर्ष 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. कोणाला प्रतिलस दिली आहे हे डॉक्टरांना ठाऊक होते, ही चाचणीची मर्यादा. पण एवढा फरक तेवढ्याने पुसला जात नाही.

या साऱ्याची सुरुवात दंशाची वेळ लिहिण्यापासून झाली. तेव्हा घरात कुणाला विंचू चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. घड्याळ पाहा, थेट दवाखाना गाठा आणि ती वेळ केसपेपरवर लिहायला सांगा.