‘मस्ट’, ‘शूड’ आणि सक्तीची मात्रा

शाळेत ‘मोडल ऑक्झिलरीज’ शिकताना आपण एक कोष्टक पाठ करतो : ‘कॅन’ म्हणजे शकणे, ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘मस्ट’ म्हणजे केलेच पाहिजे. पण ही क्रियापदे खरी उलगडतात ती एका प्रश्नाने : सांगितलेले केले नाही, तर काय होईल? ‘यू मस्ट गो’ आणि ‘यू हॅव टू गो’ जवळपास सारखेच वाटतात. नकार येताच वाटा फुटतात. ‘यू मस्ट नॉट गो’ म्हणजे जाऊ नकोस. ‘यू डोन्ट हॅव टू गो’ म्हणजे नाही गेलास तरी चालेल. एक मनाई, दुसरी मोकळीक. कोष्टकात हा फरक दिसत नाही, परिणाम विचारला की लगेच कळतो.

जिथे गैरसमज परवडत नाही, तिथे हाच प्रश्न आधी सोडवला जातो. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांसाठी १९९७ साली ‘आरएफसी २११९’ हा दस्तऐवज निघाला. त्यात ‘मस्ट’ म्हणजे बिनशर्त सक्ती. ‘शूड’ म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम नीट तोलले असतील, तरच सोडता येईल अशी गोष्ट. ‘मे’ म्हणजे पूर्ण ऐच्छिक.

यावर आक्षेप येईल, की कायद्यात तर ‘शॅल’चाही अर्थ डळमळतो. खरे आहे. राज्यघटनेच्या कलम ३२० नुसार सरकारी नोकरांवरील शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यायचा असतो, आणि तिथे शब्द ‘शॅल’ आहे. तरीही मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद बंधनकारक नसून मार्गदर्शक असल्याचे ठरवले. कलमातच अपवादाची सोय आहे आणि आयोगाचा सल्ला सरकारवर बंधनकारक नाही, हे न्यायालयाने पाहिले. म्हणजे न्यायालयानेही शब्दावर न थांबता, सल्ला न घेतल्यास काय, हेच तपासले. अमेरिकेच्या दिवाणी प्रक्रिया नियमांतून २००७ साली ‘शॅल’ काढून संदर्भाप्रमाणे ‘मस्ट’, ‘मे’, ‘शूड’ घातले गेले, तेही या संदिग्धतेमुळेच.

नवशिक्याला कोष्टक लागते, हेही मान्य. पण ती पहिली पायरी आहे. वरिष्ठांना ‘यू मस्ट रिप्लाय’ लिहिणारा व्याकरणात चुकत नाही. ज्यांना हुकूम देण्याचा त्याला अधिकार नाही, त्यांना तो हुकूम देतो. तिथे ‘कुड यू रिप्लाय’ हवे. म्हणून शिक्षकांनी अर्थासोबत दोन प्रश्न शिकवावेत : हे कोण कोणाला सांगतो आहे, आणि न केल्यास काय?