स्मृतिवस्तूंचे मोल

पाहिलेल्या स्थळाची काही खूण घरी आणावी, ही मानवी मनाची जुनी ओढ आहे. परदेशातील मनोरंजन-उद्यानांनी तिचा मोठा व्यापार केला. महाड तालुक्यातील रायगडाच्या यात्रेकरूला मोह पडतो तो शिवराईचा. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे मिरविणारे हे तांब्याचे नाणे १६७४ च्या राज्याभिषेकाची आठवण देते.

येथे धातूचे मूल्य अल्प, स्मृतीचे अधिक. आणि ही तफावत जेथे मोठी, तेथे नकलेला वाव असतो. नक्कल हा दोष नव्हे. ती अस्सल म्हणून खपविणे हा दोष होय. अस्सलाचा हव्यासही निर्धोक नाही. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरातन ठेवा दडविणे हा १८७८ च्या निखात निधी अधिनियमाखाली गुन्हा आहे.

२०२५ मध्ये रायगडाचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. आता महाड-पोलादपूरच्या कारागिरांनीच ‘प्रतिकृती’ असा स्पष्ट ठसा आणि आपल्या गावाचे नाव असलेल्या वस्तू घडवाव्यात, आणि संग्राहकांनी त्याच मागून घ्याव्यात. म्हणजे आठवण पाहुण्याबरोबर जाईल. श्रमाचे मोल मात्र या डोंगराळ मुलखातच राहील.