‘हलका’ टायर : धाराशिव जिल्ह्यातील मिश्र वाटांसाठी सायकलचाकाची निवड

‘सायकल जड चालते’ असे मराठीत म्हटले जाते, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात सायकलीचे वजन असतेच असे नाही. साखळी सुकलेली असो, चाकात हवा कमी असो, की ब्रेकचा गुटका रिमला घासत असो, सायकल ‘जड’च चालते. तेल पडले, हवा भरली गेली, की तीच सायकल गुंजभरही वजन न घटता ‘हलकी’ होते. व्यवहाराच्या भाषेने येथे दोन भिन्न भौतिक राशी एकाच शब्दाखाली आणल्या आहेत : एक वस्तूचे वजन आणि दुसरी तिच्या चालीस होणारा रोध. ‘हलका’ या शब्दास तिसराही एक अर्थ आहे. ‘हलक्या प्रतीचे कापड’ असे म्हणताना वजन आणि चाल ही दोन्ही बाजूस राहतात आणि केवळ टिकाऊपणाचा अभाव सूचित होतो.

डोंगरी सायकलीसाठी ‘हलका’ टायर निवडताना हे तीनही अर्थ एकमेकांत मिसळतात. जो वजनाने हलका तो चालीसही हलका असणार, हे गृहीत धरले जाते; आणि तो प्रतीनेही हलका निघाला, हे माळावर काटा रुतल्यानंतर कळते. या तीन अर्थांची फोड करून, धाराशिव जिल्ह्याच्या भूमीवर त्यांपैकी कोणत्यास किती महत्त्व द्यावे, याचा विचार येथे केला आहे.

१. भूमी आणि वाट

धाराशिव जिल्हा हा दख्खनच्या अग्निजन्य खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा प्रदेश आहे. बालाघाटच्या रांगा त्यातून गेल्या आहेत. पठारावर बरड माळ, उतारांवर मुरूम आणि सुटे दगड, तर तेरणा, मांजरा व सीना यांच्या खोऱ्यांत काळी जमीन, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. येडशीजवळील रामलिंगच्या परिसरात झाडीतील दगडी पायवाटा आहेत. तुळजापूरच्या बाजूस घाटाचा चढउतार आहे. उमरग्याकडे काळ्या रानातून जाणाऱ्या पाणंदी आहेत. वीस किलोमीटरच्या एका फेरीत डांबरी रस्ता, मुरमाची गाडीवाट, फुफाटा, खडकाळ चढ आणि शेताचा बांध हे सर्व येऊ शकते. ‘मिश्र वाट’ ही संज्ञा येथे अक्षरशः लागू पडते.

या भूमीवर चाकाचा प्रश्न नवा नाही. तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे याच जिल्ह्यातील तेरणाकाठचे नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगराकडील माल गाड्यांतून, मोठ्या बिनरस्त्याच्या प्रदेशातून, भडोचच्या बंदराकडे नेला जात असल्याची नोंद आहे. त्या गाड्यांच्या चाकांची घडण कशी होती हे ग्रंथ सांगत नाही. परंतु पुढील काळातील बैलगाडीच्या चाकाने मराठीस दोन बोलके शब्द दिले आहेत. लाकडी चाकावर तापवून बसविलेल्या लोखंडी पट्टीस ‘धाव’ म्हणतात आणि त्या धावेने जमिनीत पाडलेल्या खोल रेषेस ‘चाकोरी’ म्हणतात. धाव आपला आकार बदलत नाही, म्हणून जमिनीस आपला आकार बदलावा लागतो. चाकोरी हा त्याचा पुरावा होय.

हवा भरलेल्या टायरचे तत्त्व नेमके याच्या उलट आहे. तो जमिनीस वाकविण्याऐवजी स्वतः वाकतो. टायरच्या निवडीतील पुढील सर्व विचार ‘किती वाकावे आणि वाकून किती सहज पूर्ववत व्हावे’ या एका प्रश्नाभोवती फिरतो.

२. पहिला अर्थ : वजन

२९ इंची चाकाच्या डोंगरी सायकलीसाठी मिळणारे शर्यतीच्या जातीचे टायर साधारणतः ६०० ते ७५० ग्रॅम भरतात. अधिक दणकट जातीचे ८५० ते १००० ग्रॅम आणि केवळ उतारासाठी बनविलेले त्याहूनही जड असतात. समजा, ९०० ग्रॅमऐवजी ७०० ग्रॅमचा टायर घेतला. दोन्ही चाके मिळून ४०० ग्रॅम वाचले. स्वार आणि सायकल यांचे एकत्रित वजन ८० किलोग्रॅम धरले, तर ही बचत अर्ध्या टक्क्याची झाली.

फिरत्या चाकाच्या परिघावरील वजन वेग वाढविताना जवळजवळ दुप्पट मोजावे लागते, कारण ते पुढेही जाते आणि स्वतःभोवतीही फिरते. ही गोष्ट खरी आहे. परंतु दुप्पट केल्यावरही बचत एका टक्क्याच्या आसपासच राहते, आणि तीही वेग वाढत असतानाच. समान वेगाने सपाटीवर जाताना या बचतीचा लाभ नगण्य असतो. चढावर पूर्ण फेरीत २०० मीटर उंची गाठावयाची असेल, तर अर्ध्या टक्क्याची बचत म्हणजे एक मीटर चढ वाचण्यासारखे आहे.

३. दुसरा अर्थ : चाल

आता चालीचा रोध घेऊ. टायर जमिनीस टेकतो तेथे तो दबतो आणि पुढे जाताच पुन्हा फुगतो. दबताना त्याने घेतलेली सर्व ऊर्जा तो परत करीत नाही. तिचा काही भाग रबरात व धाग्यांत उष्णता होऊन नष्ट होतो. हीच चालीतील मुख्य गळती. रोधाचे माप एका गुणांकाने देतात : टायरवरील भारास त्याने गुणले की रोधाचे बल मिळते.

उदाहरणादाखल एका टायरचा गुणांक ०.०२५ आणि दुसऱ्याचा ०.०२० धरू. फरक ०.००५. दिसावयास तो क्षुल्लक आहे. परंतु त्याचा अर्थ असा, की पहिल्या टायरचा स्वार प्रत्येक किलोमीटरला पाच मीटर जादा चढ चढत असतो. वीस किलोमीटरच्या फेरीत हा अदृश्य चढ १०० मीटरचा होतो. वर काढलेली वजनातील बचत त्याच फेरीत एका मीटरची होती. येथे पहिल्या आणि दुसऱ्या अर्थांतील अंतर स्पष्ट होते. ‘सायकल जड चालते’ असे म्हणणाऱ्या मराठी भाषकाने वजनापेक्षा चालीस हा शब्द लावला, त्यात व्यवहाराचे शहाणपणच आहे.

ही गळती कमी कशाने होते? प्रथम, टायरच्या अंगच्या कापडाने. बारीक, दाट धाग्यांचे आणि पातळ रबराचे अंग सहज वाकते व सहज पूर्ववत होते. उत्पादक एका इंचातील धाग्यांची संख्या देतात. ६० आणि १२० हे आकडे नेहमी आढळतात. तथापि काही उत्पादक एकावर एक आलेल्या सर्व थरांचे धागे एकत्र मोजतात, म्हणून दोन भिन्न उत्पादकांच्या आकड्यांची तुलना सावधपणे करावी. दुसरे, रबराच्या जातीने. मऊ व चिकट रबर पकड देते, पण ऊर्जा अधिक गिळते. तिसरे, नक्षीने. उंच व विरळ उंचवटे कठीण जमिनीवर प्रत्येक फेऱ्यात मुरगळतात आणि तेवढे श्रम खातात.

चौथी बाब हवेच्या दाबाची असून तीविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहे. चाक जितके कडक तितके ते वेगवान, ही समजूत गुळगुळीत पृष्ठापुरती बरीचशी खरी आहे. खडबडीत जमिनीवर मात्र कडक टायर दगडास वाकून सामावून घेत नाही. तो स्वारासह सर्व भार दगडावरून उचलतो आणि पुन्हा आपटतो. प्रत्येक आपटण्यात पुढे जाण्याची ऊर्जा स्वाराच्या अंगात जिरते. म्हणून अशा वाटेवर दाब एका मर्यादेपलीकडे वाढविला, की चाल सुधारण्याऐवजी बिघडते. पकडीचाही विचार येथेच येतो. एका चाकावर ४० किलोग्रॅम भार असता २५ पौंड दाबाचा टायर जमिनीस स्थूलमानाने २३ चौरस सेंटिमीटर टेकतो; ५० पौंडांस हे क्षेत्र निम्म्यावर येते.

या तत्त्वास इतिहासाचा आधार आहे. हवा भरलेल्या टायरचे पहिले एकस्व रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये घेतले. परंतु ते व्यवहारात रुजले नाही. १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने तीच कल्पना स्वतंत्रपणे सायकलीस लावली. लोकांना ते जाड टायर हास्यास्पद वाटले. १८८९ मध्ये विली ह्यूम याने त्याच टायरांवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या, तेव्हा भरीव, अरुंद व कडक टायरचे दिवस संपले. पुढे १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्याच्या तरुणांनी डोंगरउतारासाठी जुन्या सायकली निवडल्या, त्यांचे टायरही सव्वादोन इंचांच्या आसपासचे, रुंद व फुगीर होते. आजची डोंगरी सायकल त्यांतूनच घडली.

४. तिसरा अर्थ : प्रत

चालीचा विचार येथेच थांबला असता, तर सर्वांत पातळ अंगाचा टायर घ्यावा, एवढे सांगून भागले असते. परंतु धाराशिवच्या माळावर बाभूळ आहे, वेडी बाभूळ आहे, हिवर व बोर आहे आणि पावसाळ्यानंतर वाटेच्या कडेने पसरणारा सराटा आहे. शेताच्या कुंपणासाठी तोडलेल्या काटेरी फांद्या पाणंदीत पडलेल्या असतात, ते वेगळेच.

काट्यांचेही दोन वर्ग करणे उपयुक्त ठरते. सराट्याच्या वाळलेल्या फळाचे तुकडे होतात आणि त्यांवरील टणक काटे काही मिलिमीटर लांबीचे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतो. हलक्या टायरच्या उंचवट्यांमधील रबर दोन-तीन मिलिमीटरच असते. तेथून तो आत जातो. जाड टायर या काट्यास काही अंशी अडवू शकतो. बाभळीचा काटा मात्र पाच सेंटिमीटर किंवा त्याहूनही लांब असू शकतो. त्यास नेहमीचा जाड टायरही अडवीत नाही. म्हणजे प्रत्येक टायरमागे दोनशे ग्रॅम रबर वाढवून, चालीचा रोध पत्करूनही, मुख्य शत्रूपासून रक्षण होत नाही.

यावरून असे दिसते, की काट्यास उत्तर रबराच्या जाडीत शोधू नये; ते टायरच्या आत शोधावे. ट्यूबविरहित टायरमध्ये रबरी चीक असलेले द्रव घातले, की काट्याचे भोक हवेच्या झोताबरोबर येणाऱ्या द्रवाने बुजते. काटा उपसून, भोक खालच्या बाजूस आणून चाक फिरवावे, एवढे बहुधा पुरते. ट्यूब काढल्याने आणखी एक लाभ होतो : दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटून ट्यूब फुटण्याचे भय नसल्याने दाब कमी ठेवता येतो. मात्र हे द्रव सुकते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दोन महिन्यांनी ते तपासणे आवश्यक आहे.

बेसाल्टच्या धारदार कपच्यांचा प्रश्न निराळा आहे. त्या टायरच्या कुशीस चिरतात आणि एवढी चीर द्रवाने बुजत नाही. म्हणून वजनात भर घालावयाचीच असेल, तर ती कुशीच्या संरक्षक थरावर घालावी. तेथील पन्नास-शंभर ग्रॅम सार्थकी लागतात. येडशी ते रामलिंग या झाडीत किंवा भूमच्या माळावर एप्रिलच्या दुपारी टायर चिरला, तर जवळच्या दुकानापर्यंत सायकल हातात धरून चालावे लागते, पाणी संपत येते, आणि वाचविलेल्या ग्रॅमांचा हिशेब त्या वाटचालीत फिटतो. अशा प्रसंगासाठी एक ट्यूब, ठिगळाचे साहित्य व लहान पंप जवळ असणे हाही टायरच्या निवडीचाच भाग समजावा.

५. निवड

दोन्ही चाकांचे कार्य एक नाही. पुढचे चाक दिशा देते. ते घसरले तर स्वार पडतो. मागच्या चाकावर भार अधिक असतो. ते किंचित घसरले तरी बहुधा सावरता येते. म्हणून चालीचा लाभ मागे घ्यावा आणि पकडीची खात्री पुढे ठेवावी. मागे २.२५ इंचांचा, मधली नक्षी बुटकी व दाट असलेला टायर योग्य, पुढे २.३५ इंचांच्या जवळपासचा, कडेस उंच व सुटे उंचवटे असलेला टायर योग्य. कठीण मुरमावर सैल खडे पसरलेले असतात, तेथे वळणावर हे कडेचे उंचवटेच आधार देतात. सत्तर किलोग्रॅमच्या आसपासच्या स्वाराने ट्यूबविरहित टायरात पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पौंड हवेपासून आरंभ करून, वाट पाहून दाब थोडाथोडा बदलावा. ट्यूब असल्यास सहा ते आठ पौंड अधिक ठेवावे. अंगठ्याने दाबून हवा पाहण्याची रीत दोन-तीन पौंडांचा फरक दाखवू शकत नाही. दाबमापक येथे चैनीची वस्तू नव्हे.

पावसाळ्यातील काळ्या जमिनीस हा सर्व विचार लागू पडत नाही. ती माती नक्षीत भरते, चाक आणि चौकट यांमधील फट बुजविते आणि चाक फिरेनासे होते. त्या दिवसांत वजनाने हलका आणि जड असे दोन्ही टायर सारखेच हतबल असतात; मुरमाची वाट धरणे हाच उपाय.

जिल्ह्यातील बहुसंख्य स्वारांची सायकल साधी, २८ × १½ इंच टायरची आहे, आणि तिच्यासाठी द्रव, दाबमापक व नवीन रिम यांचा खर्च परवडणारा नाही, असा आक्षेप येथे संभवतो. तो रास्त आहे. तथापि या विवेचनातील सर्वांत फलदायी भाग बिनखर्चाचा आहे. खडबडीत वाटेवर दगडासारखे कडक केलेले चाक वेगवान नसते, आणि मोठी नक्षी म्हणजे अधिक बळ नव्हे, हे ध्यानात आले, तर पाच किलोमीटरवरील शाळेत मुरमाच्या रस्त्याने जाणाऱ्या मुलीचे श्रमही रोज थोडे कमी होतील.

सारांश, वजनाचा ‘हलका’ हा तीन अर्थांतील सर्वांत सहज मोजता येणारा आणि या भूमीवर सर्वांत कमी महत्त्वाचा अर्थ होय. चालीचा ‘हलका’ साधावा, प्रतीचा ‘हलका’ टाळावा आणि वजन त्या दोहोंच्या अनुरोधाने जे येईल ते स्वीकारावे. दुकानातील तराजू यांपैकी पहिलाच अर्थ दाखवितो. उरलेले दोन माळावरची वाट दाखविते.