कॅशलेसचं दशक

22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, तेव्हा यंदाचा हप्ता जरा हलका होईल असं वाटलं होतं. रिन्यूअलची नोटीस आली आणि मूळ हप्ताच असा वाढलेला की करमाफी त्यात कुठे जिरली ते कळेना. शिवाय ‘आपली जुनी योजना बंद होत आहे, नव्या योजनेत आपलं स्वागत’. कोणी विचारलं होतं?

1986मध्ये सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणलं. त्यानंतरच्या पंधरा वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एजंट घरी येऊन चेक न्यायचे, आपण बिलं फाइलला लावायची, पैसे यायचे तेव्हा यायचे.

खरं रामायण 2001नंतरचं, टीपीए म्हणजे कंपन्यांसाठी दावे हाताळणारे मध्यस्थ आल्यावरचं. कॅशलेसचं कार्ड पाकिटात घालून लोक निर्धास्त झाले. वडिलांच्या हर्नियाच्या वेळी त्या कार्डाची किंमत कळली. डॉक्टरांनी सकाळीच घरी सोडलं. वडील कपडे करून पलंगावर बसलेले आणि खाली डेस्कवर एकच उत्तर, ‘क्वेरी आलीय’. संध्याकाळी फॅक्स आला तो कापाकापी करूनच. पॉलिसी दोन लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला दोन हजार. खोली चार हजारांची. मग नुसतं भाडं नाही, सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही निम्मा! हे कलम आम्हाला ना एजंटने सांगितलं, ना डेस्कवरच्या मुलीने. खोली देताना मात्र ती किती गोड हसली होती. हातमोजे, कापूस वगैरे ‘नॉन-पेएबल’, ते वेगळंच.

2010च्या जुलैत सरकारी कंपन्यांनी मुंबई-दिल्लीच्या बड्या इस्पितळांतलं कॅशलेसच थांबवलं. कंपन्या म्हणाल्या, इस्पितळं बिलं फुगवतात. इस्पितळं म्हणाली, दर परवडत नाहीत. दोघांचंही खरं असेल. पैसे मात्र पेशंटच्या मुलांनी उभे केले.

पुढे 2011मध्ये पोर्टेबिलिटी, म्हणजे विमा कंपनी बदलायची सोय आली, 2013च्या नियमांनी आयुष्यभर नूतनीकरण दिलं. त्याआधी म्हाताऱ्यांना सरळ वाटेला लावत. 2024मध्ये जुन्या आजारांची प्रतीक्षा चारवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आणि सलग पाच वर्षं झाली की फसवणूक सोडून ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. उत्तम. पण हे ‘सलग’ सिद्ध करायला कागद लागतात. आमचे एजंट पहिल्या पॉलिसीची तारीख लाल शाईने फाइलवर लिहून ठेवत. ते गेले, आताचा रिलेशनशिप मॅनेजर दरवर्षी नवा, त्याला मीच सगळं पहिल्यापासून सांगतो.

नव्या योजनेच्या कागदांत माझी ‘पहिली पॉलिसी’ गेल्या वर्षीची दाखवली आहे. जुन्या पॉलिसींच्या स्कॅन प्रती कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवल्या आहेत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार.