ओझे उतरलेली जमीन

स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावर येव्ले नावाचे शहर आहे. (आपल्या येवल्याशी त्याचे नाते उच्चारापुरतेच.) त्याच्याजवळच्या लोव्हग्रुंड बेटावर १७३१ साली आंडर्स सेल्सियसने एका खडकावर समुद्राच्या पातळीशी खूण कोरून घेतली. तापमापकामुळे आपल्याला माहीत असलेला तोच हा सेल्सियस. ती खूण आज पाण्यापासून सुमारे दोन मीटर उंचावर आहे.

किनाऱ्यावरच्या लोकांना यात नवल नव्हते. सील ज्या बुटक्या खडकांवर पहुडत, ते शिकाऱ्यांच्या दृष्टीने मोलाचे असत. खडक फार वर आला की सीलांना चढता येईना आणि त्याचे मोल संपे. बंदरांचीही तीच गत. १६२१ मध्ये वसलेले लुलेओ शहर १६४९ मध्ये समुद्राच्या दिशेने हलवावे लागले, कारण बंदर उथळ झाले होते. सेल्सियसचा निष्कर्ष असा, की समुद्राचे पाणी आटते आहे. पण पाणी आटत असेल तर ते सगळीकडे सारखेच उतरायला हवे. स्वीडनच्या दक्षिण टोकाला तसे काही दिसत नव्हते. म्हणजे हलत होती ती जमीन.

का हलत होती, याचे उत्तर १८६५ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस जेमिसनने सुचवले : हिमयुगातल्या बर्फाच्या वजनाने जमीन दबली होती, ओझे उतरल्यावर ती वर येऊ लागली. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियावर काही ठिकाणी तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. खडक बर्फापेक्षा तिपटीहून अधिक जड. त्यामुळे बर्फाच्या जाडीच्या साधारण पाव ते एकतृतीयांश इतकी जमीन खाली जाते. कापसाच्या गादीवर माणूस बसला की मधे खळगा पडतो आणि कडेला उंचवटा येतो, तसेच इथे होते. दबलेल्या भागाखालचे प्रावरण, म्हणजे भूकवचाखालचा खडकाचा जाड थर, बाजूला सरकते. माणूस उठला तरी जुनी गादी लगेच सपाट होत नाही. बर्फ जाऊन दहा हजार वर्षे झाली, तरी बोथनियाच्या आखाताचा उत्तर भाग वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर वर येतोच आहे, आणि जिथे उंचवटा होता ते प्रदेश, उदाहरणार्थ अमेरिकेचा चेसापीक उपसागराचा किनारा, खचत आहेत.

फिनलंडच्या क्वार्केन द्वीपसमूहात अशी दरवर्षी सुमारे एक चौरस किलोमीटर नवी जमीन पाण्याबाहेर येते. तिची मालकी कोणाची, हा प्रश्न सात-बारा पाहिलेल्या वाचकाला लगेच पडेल. तिथल्या कायद्यानुसार ती किनाऱ्यालगतच्या घरमालकाची आपोआप होत नाही, तर त्या पाण्याच्या क्षेत्राच्या मालकांची राहते, आणि बहुधा ते क्षेत्र गावाचे सामाईक असते.

या संथपणातूनच १९३५ मध्ये नॉर्मन हॅस्केल या अमेरिकी संशोधकाने प्रावरणाचा दाटपणा काढला. तो पाण्याच्या एकावर चोवीस शून्ये इतका पट निघाला. आपण ज्याला घन म्हणतो तो खडक हजारो वर्षांच्या मापाने पाहिला तर वाहतो.

ही जुनी हालचाल आजच्या हिशेबात अडचण करते. २००२ साली सोडलेल्या ‘ग्रेस’ या उपग्रहांच्या जोडीने ध्रुवीय बर्फाचे जवळजवळ वजनच केले. दोन उपग्रहांतल्या अंतराच्या सूक्ष्म बदलावरून खालचे गुरुत्वाकर्षण किती कमी-जास्त झाले ते कळते. पण उपग्रहाला बर्फ आणि खडक वेगळे दिसत नाहीत. वर बर्फ घटत असताना खाली प्रावरण परतत असेल, तर दोन्हींची बेरीज एकच आकडा म्हणून येते. अंटार्क्टिकात तर खडकाच्या हालचालीसाठी करायची वजावट खुद्द बर्फाच्या घटीशी तुलना व्हावी इतकी मोठी आहे. म्हणून बर्फाबाहेर डोकावणाऱ्या खडकांवर जीपीएस यंत्रे बसवली जातात.

या यंत्रांनी एक अनपेक्षित गोष्ट सांगितली. पश्चिम अंटार्क्टिकात अमुंडसन समुद्राच्या काठी जमीन वर्षाला ४१ मिलिमीटरपर्यंत उचलली जाते आहे, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथले प्रावरण हॅस्केलच्या आकड्यापेक्षा कितीतरी पट पातळ आहे, त्यामुळे हजारो वर्षांचे काम तिथे दशकांत होते. थ्वेट्स आणि पाइन आयलंड या हिमनद्या नेमक्या इथेच आहेत. त्यांचा तळ समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आत जावे तसा खोल होत जातो. कोमट पाणी खालून शिरते आणि बर्फ तळ सोडून तरंगू लागतो. तळच वर उचलला गेला तर पाणी उथळ होईल आणि बर्फाला पुन्हा टेकायला जागा मिळेल.

मग खडक बर्फाला वाचवील का? नताल्या गोमेझ आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या गणिताप्रमाणे ते आपल्या धुरावर अवलंबून आहे. उत्सर्जन कमी राहिले तर जमिनीच्या उचलण्यामुळे समुद्रपातळीतील अंटार्क्टिकाचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. उत्सर्जन वाढतच गेले तर बर्फ खडकापेक्षा वेगाने मागे हटतो, आणि मग तोच उचलला जाणारा तळ तिथले पाणी बाहेर ढकलून जगाच्या समुद्रात भर घालतो. एकच हालचाल, परिणाम उलटे. मला या साऱ्या विषयात हाच भाग सर्वांत बेचैन करणारा वाटतो.

ढकललेले पाणी जाते कुठे? बर्फाचा प्रचंड साठा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने समुद्राला आपल्याकडे ओढून धरतो. तो वितळला की ओढ सुटते. जवळचा समुद्र चक्क खाली जातो आणि दूरचा सरासरीपेक्षा जास्त चढतो. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ कोसळला तर पृथ्वीचा अक्षही किंचित कलेल. हे सारे धरून केलेल्या २००९ च्या गणितात उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर आणि हिंदी महासागरात ही वाढ जागतिक सरासरीहून सुमारे पाव पटीने जास्त येते. मुंबईच्या अपोलो बंदरावर भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून ठेवलेली आहे. हे पाणी आले तर ते त्याच नोंदीत दिसेल.