तांबट आळीतील गट-प्रकल्प : मुलाखत पद्धतीविषयी काही विचार

प्रस्तावना :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांमध्ये क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक देण्यात आले आहेत. साहजिकच विद्यार्थ्यांचे गट स्थानिक व्यावसायिकांच्या मुलाखतींसाठी बाहेर पडू लागले आहेत. पुणे शहरात कसबा पेठेतील तांबट आळी ही त्यासाठी जवळची व अर्थपूर्ण जागा होय. परंतु वर्गात बसून तयार केलेली प्रश्नावली घेऊन गट तेथे गेला, तर ‘व्यवसाय केव्हा सुरू झाला?’, ‘अडचणी कोणत्या?’ एवढ्याच प्रश्नांवर मुलाखत संपते. अशा अहवालात कारागिराच्या अडचणी येतात, पण त्याचे काम येत नाही. ही उणीव कशी दूर करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
तांबट कारागिरांची पुण्यातील वस्ती पेशवेकाळापासूनची मानली जाते. बंब, घंगाळ, हंडा, कळशी ही त्यांची परिचित निर्मिती. स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम व प्लॅस्टिक स्वस्त झाले आणि घरोघरी गॅस व विजेवर पाणी तापू लागले, तेव्हा या भांड्यांची मागणी घटली. अलीकडे मात्र शोभेच्या व भेट देण्याच्या वस्तूंना नवा ग्राहक लाभला आहे.

हा ‘सर्जनशील’ व्यवसाय कसा, अशी शंका काही अध्यापक घेतील. ब्रिटनच्या शासनाने १९९८ मध्ये सर्जनशील उद्योगांची जी तेरा क्षेत्रे निश्चित केली, त्यांत जाहिरात, चित्रपट व संगणक-प्रणाली यांच्या बरोबरीने हस्तकलेचाही समावेश होता. आकार, प्रमाण व पृष्ठभाग यांविषयीचा निर्णय तांबट प्रत्येक भांड्यागणिक घेत असतो.

आधी निरीक्षण, मग प्रश्न :
तांबे ठोकले की कठीण होते. पुढे घडवायचे असल्यास ते तापवून पुन्हा मऊ करावे लागते. भांडे आकाराला आल्यावर त्यावर हातोडीने जवळजवळ, ओळीने ठोके दिले जातात. यालाच मठारणे म्हणतात. मठारल्याने पत्र्याला बळकटी येते, तसेच उजेडात चमकणारे ठशांचे नक्षीकामही उमटते. म्हणजे भांड्याचे सौंदर्य आणि टिकाऊपणा एकाच क्रियेतून येतात. ही गोष्ट प्रश्नावलीतून नव्हे, पाहण्यातून कळते.

म्हणून पहिली भेट केवळ निरीक्षणासाठी ठेवावी. त्यानंतर सुचणारे प्रश्न वेगळे असतात : भांड्याचा आकार यंत्रावर काढला की हाताने? ठोक्यांची ओळ कोठून सुरू होते? पुरेसे तापले हे कशावरून ओळखायचे? चुकलेला ठोका दुरुस्त होतो का? नवशिक्याच्या हाती प्रथम कोणते काम देतात? हातोड्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रण नीट होत नाही. तेव्हा काम चालू असताना टिपणे घ्यावीत व सविस्तर बोलणे काम थांबण्याच्या वेळी करावे.

गटाची रचना :
गट एकाच शाखेचा नसावा. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी धातूच्या काठिण्याचा, तर रसायनशास्त्राचा विद्यार्थी आंबट पदार्थ व कल्हई यांच्या संबंधाचा विचार करील. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तांब्याचा जागतिक बाजारातील चढता-उतरता भाव आणि कारागिराची मजुरी यांची सांगड तपासावी. मराठीच्या विद्यार्थ्याने अवजारांची व क्रियांची नावे कारागीर उच्चारतो तशीच टिपावीत. हे शब्द कामाबरोबर जगतात आणि काम थांबले की कानावर येईनासे होतात.

या अभ्यासाला पुण्यात परंपरा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ व १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. लोकांपर्यंत जाऊन माहिती मिळवण्याची ती शिस्त आजच्या छोट्या गटालाही मार्गदर्शक ठरावी.

दायित्व :
नगावर किंवा वजनावर मजुरी घेणाऱ्या कारागिराच्या बाबतीत मुलाखतीचा तास त्याच्या कमाईतून वजा होतो. दरवर्षी निरनिराळ्या महाविद्यालयांचे गट एकाच दुकानी तेच प्रश्न घेऊन गेले, तर हा भार वाढत जातो. त्यामुळे वेळ आधी ठरवणे, मागील वर्षांचे अहवाल वाचून जाणे आणि छायाचित्रांसाठी, विशेषतः नव्या नमुन्यांच्या, स्पष्ट परवानगी घेणे आवश्यक आहे. अहवालाचा मसुदा मराठीत कारागिरास वाचून दाखवावा व त्याने सुचवलेल्या दुरुस्त्या नोंदवाव्यात. मूल्यमापनात या दुरुस्त्यांसाठी स्वतंत्र गुण ठेवल्यास विद्यार्थी ते काम टाळणार नाहीत.

समारोप :
तांबट आळीतील मुलाखत ही केवळ श्रेयांकांची पूर्तता राहू नये. किमान दोन भेटी, मिश्र गट, कामातून निघालेले प्रश्न आणि कारागिराने तपासलेला अहवाल एवढी पथ्ये पाळली, तर विद्यार्थ्याला हाताच्या कामामागील विचार कळेल. महाविद्यालयाच्या कपाटात पडून राहणाऱ्या अहवालाऐवजी कारागिराच्या पुढच्या पिढीलाही वाचता येईल अशी एक विश्वसनीय नोंद त्यातून तयार होईल.